सल्ला हवा: काचेतलं कमी तापमानाचं उष्णतावहन, एम.एस्सी. प्रकल्पासाठी (इंदूर)

रामबागकर

नमस्कार मंडळी. मी इंदूरलाच भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात प्रकल्प आहे आणि विषय ठरवायची मोकळीक गाइडनी दिली आहे.

घनपदार्थांच्या तासाला डिबायचं सूत्र झालं: तापमान उतरलं की विशिष्ट उष्मा T³ प्रमाणे घसरतो. तिथेच सर म्हणाले की काचेला हे लागू पडत नाही. 1 केल्विनच्या खाली काच वेगळीच वागते, आणि काच कशाचीही असो, सगळ्यांचं वागणं जवळजवळ एकसारखं निघतं. मला ते पटेना. इतक्या थंडीत कंपनांच्या लहरी शेकडो अणूंएवढ्या लांब असतात. मग आपण स्फटिकातून चाललोय की काचेतून, हे त्या लहरीला कळायचं कसं? तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

वाचायला बसलं की एका ठिकाणी टनेलिंग, दुसऱ्या ठिकाणी बोसॉन पीक, तिसरीकडे डिफ्यूझॉन. हे सगळं एकाच गोष्टीबद्दल आहे की वेगवेगळ्या, तेही कळत नाही. आमच्याकडे द्रव नायट्रोजनचा साधा क्रायोस्टॅट (नमुना थंड ठेवायचं भांडं, 77 केल्विनपर्यंत जातं) आहे, चांगला व्हॅक्यूम पंप, लॉक-इन अँप्लिफायर आणि बऱ्यापैकी संगणक आहे. हीलियम नाही. मोजमाप करू की सिम्युलेशन? एका सत्रात खरोखर काय पुरं होऊ शकतं? आणि आधी काय वाचू?

निवृत्त_मास्तर

बाळ, प्रश्न अगदी नेमक्या जागी धरला आहेस. तुला जे पटत नाही ते 1971 च्या आधी बहुतेकांना पटत नव्हतं. लांब लहरीला अणूंची मांडणी दिसत नाही, तिला पदार्थ सलगच वाटतो, म्हणून पुरेसं थंड केलं की काच आणि स्फटिक सारखेच वागायला हवेत, अशीच अपेक्षा होती. त्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठातून झेलर आणि पोल यांची मोजमापं छापून आली आणि ती अपेक्षा मोडली. काचेचा विशिष्ट उष्मा 1 केल्विनच्या खाली T³ ऐवजी जवळपास T च्या प्रमाणात उतरतो, म्हणजे स्फटिकाच्या मानाने खूपच सावकाश. जितकं खाली जावं तितकी ही तफावत वाढत जाते. उष्णतावाहकता साधारण T² प्रमाणे जाते. आणि मध्ये, 10 केल्विनच्या आसपास, वाहकतेचा आलेख चक्क सपाट होतो. त्याला पठार म्हणतात. सिलिकाच्या काचेत या पठारावर वाहकता सुमारे 0.1 वॅट प्रति मीटर-केल्विन असते. त्याच सिलिकॉन-ऑक्सिजनचा बनलेला क्वार्ट्झचा स्फटिक त्याच तापमानाला सुमारे दहा हजार पट जास्त उष्णता वाहून नेतो. अणू तेच, बंधही तेच. फरक फक्त मांडणीचा.

पुढच्याच वर्षी, 1972 मध्ये, दोन ठिकाणांहून एकच उत्तर आलं: अँडरसन, हॅल्पेरिन आणि चंद्र वर्मा यांच्याकडून, आणि स्वतंत्रपणे केंब्रिजच्या फिलिप्स यांच्याकडून. कल्पना अशी. फरशी सपाट नसली की टेबल डगमगतं. त्याला टेकायला दोन स्थिती मिळतात आणि दोन्हींत ते जवळपास सारखंच बसतं. काचेत काही अणूंच्या गटांना अशाच दोन जवळच्या जागा मिळतात. मधला उंबरठा ओलांडण्याएवढी ऊर्जा थंडीत नसते, पण क्वांटम टनेलिंगने गट पलीकडे जातो. त्यामुळे ऊर्जेच्या दोन पातळ्या तयार होतात, त्यांतलं अंतर मिलिकेल्विनपासून काही केल्विनपर्यंत काहीही असू शकतं. काचेत मांडणी जागोजागी वेगळी, म्हणून ही अंतरं सर्वत्र सारखी पसरलेली असतात, एवढंच त्यांनी गृहीत धरलं. तेवढ्यावरून विशिष्ट उष्मा T च्या प्रमाणात निघतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लांब लहरीला मांडणी दिसत नाही हे खरंच आहे. पण लहरीची ऊर्जा आणि एखाद्या गटाच्या दोन पातळ्यांतलं अंतर जुळलं, की तो गट लहर गिळतो आणि पुन्हा भलत्याच दिशेला सोडतो. लहर अडते ती मांडणीतल्या खडबडीतपणाने नव्हे, या अनुनादाने. वाहकतेचा T² तिथून येतो.

तुझा गोंधळ होतोय कारण तू तीन वेगळ्या पट्ट्यांबद्दल एकदम वाचते आहेस. 1 केल्विनच्या खाली टनेलिंग. 5 ते 20 केल्विनच्या आसपास पठार आणि बोसॉन पीक, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त सापडणाऱ्या कंपनांचा फुगवटा. त्याच्या वर खोलीच्या तापमानापर्यंत डिफ्यूझॉनचा, म्हणजे न धावता ऊर्जा झिरपवणाऱ्या कंपनांचा मुलूख. प्रत्येक पट्ट्यातली कारणं वेगळी, साधनं वेगळी. एका प्रकल्पात एकच पट्टा धर. बाकीचे वाचनापुरते ठेव.

सिमरोळ

मास्तरांनी छान मांडलंय. एक भर: टनेलिंगची कल्पना केवळ आलेख जुळवण्यापुरती नाही. 1972-73 च्या सुमारास अल्ट्रासाउंडच्या प्रयोगांत दिसलं की क्षीण आवाज काचेत जास्त शोषला जातो आणि तोच जोरात सोडला तर शोषण कमी होतं. साध्या कंपनांच्या बाबतीत असं होणार नाही. दोनच पातळ्या असतील आणि त्यांतले निम्मे गट वर जाऊन बसले की आणखी शोषायला जागाच उरत नाही, म्हणून हे होतं. 1976 मध्ये गोल्डिंग आणि ग्रेबनर यांनी काचेत फोनॉनचा (कंपनाच्या लहरीतल्या ऊर्जेच्या पुडक्याचा) प्रतिध्वनी दाखवला, एनएमआरमधल्या स्पिन एकोसारखा. मला वैयक्तिकरीत्या हा प्रयोग या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो.

सिम्युलेशनबद्दल रात्री सविस्तर लिहितो.

खंडवा_रोड

मी कमी तापमानाच्या प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा फक्त मोजमापाचं बोलतो.

हीलियम नाही म्हणून खट्टू होऊ नका. 77 ते 300 केल्विन या पट्ट्यातही काच आणि स्फटिक यांच्यातला मूळ फरक स्वच्छ दिसतो, आणि तो दाखवणारा एम.एस्सी. प्रकल्प मी तरी आनंदाने वाचेन. सिलिकाच्या काचेची वाहकता खोलीच्या तापमानाला सुमारे 1.4 वॅट प्रति मीटर-केल्विन आणि 100 केल्विनला सुमारे 0.7 असते. थंड कराल तशी उतरते. क्वार्ट्झच्या स्फटिकाची c-अक्षाच्या (स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या) दिशेने खोलीत सुमारे 10 आणि 100 केल्विनला 39 च्या आसपास. थंड कराल तशी चढते. एकाच क्रायोस्टॅटमध्ये, एकाच हीटरवर, दोन नमुने उलट्या दिशेने जाताना पाहणं हे पुस्तकातल्या आलेखापेक्षा फार वेगळं असतं.

पण काचेची वाहकता मोजताना विद्यार्थी हमखास एका जागी अडकतात, म्हणून ते नीट सांगतो. धातूंसाठी वापरतात तशी लांब बारीक कांडी काचेला घेऊ नका. 5 मिमी जाड आणि 50 मिमी लांब काचेची कांडी धरा. खोलीच्या तापमानाला प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागातून एका केल्विनच्या फरकाला सुमारे 6 वॅट उष्णता प्रारणाने जाते. त्या कांडीचा हिशोब केला तर बाजूंनी प्रारणाने जाणारी उष्णता कांडीतून वाहणाऱ्या उष्णतेच्या कित्येक पट भरते. मोजलं काय तर भिंतीचं प्रारण. त्याऐवजी चकती घ्या, 20 मिमी व्यासाची, 2 मिमी जाड. तोच हिशोब केला की बाजूची गळती एका टक्क्याच्या आत येते. थंडीत तर ती आणखी कमी होते, कारण प्रारण T³ प्रमाणे उतरतं. 77 केल्विनला ते खोलीच्या मानाने साठावा हिस्सा उरतं.

चकतीला दुसरा त्रास असतो, सांध्यांचा. चकती आणि तांब्याच्या ठोकळ्यामध्ये व्हॅक्यूम ग्रीसचा थर येतो. तो 20 मायक्रॉनचा जरी धरला तरी दोन्ही बाजू मिळून चकतीच्या अडथळ्याच्या दहा-पंधरा टक्के होतो. उपाय सोपा: एकाच पट्टीतून दोन जाडीच्या चकत्या कापून घ्या, 2 मिमी आणि 4 मिमी, दोन्ही मोजा आणि अडथळ्यांची वजाबाकी करा. सांधे दोन्हींत सारखे, ते वजा होऊन जातात. त्यासाठी ग्रीस दरवेळी तितकंच लागलं पाहिजे. थेंब मोजून ठेवा, वर तेच वजन ठेवून दाबा आणि जास्तीचं पुसून घ्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण सगळा प्रकल्प यावरच उभा राहतो.

2 मिमी चकतीवर 2 केल्विनचा फरक पाडायला साधारण अर्धा वॅट लागतो. हीटर त्या हिशोबाने घ्या, आणि हीटरच्या व थर्मामीटरच्या तारा मँगनिन किंवा फॉस्फर ब्रॉन्झच्या, बारीक आणि लांब. तांब्याची तार लावलीत तर उष्णता तिच्यातूनच पळते.

रामबागकर

बापरे, कांडी आणि चकतीचा हा फरक मला कुठेच वाचायला मिळाला नव्हता. खूप आभार दादा. आमच्याकडे काचेची लांब कांडीच तयार पडलेली आहे आणि मी तीच लावणार होते.

एक शंका. माझा मूळ प्रश्न कमी तापमानाचा होता. 77 केल्विनला तर टनेलिंगही नाही, पठारही नाही. मग त्यात 'विषय' काय उरतो? नुसता पुस्तकातला आलेख पुन्हा काढला असं होणार नाही ना?

निवृत्त_मास्तर

विषय भरपूर उरतो. मोजमाप हातात आलं की पहिलं काम: फोनॉन किती लांब जाऊन धडकतो ते काढ. κ = ⅓ C v l, बस एवढंच सूत्र. κ म्हणजे उष्णतावाहकता, C एकक आकारमानाचा विशिष्ट उष्मा, v ध्वनीचा वेग, l मुक्त पथ. सिलिकात तिन्ही लहरींची सरासरी काढून v सुमारे 4100 मीटर प्रति सेकंद धर.

खोलीचं तापमान घे. C सुमारे 1.6 × 10⁶ जूल प्रति घनमीटर-केल्विन, κ 1.4. l येतो साधारण 0.6 नॅनोमीटर. काचेत शेजारच्या दोन सिलिकॉनमधलं अंतर सुमारे 0.3 नॅनोमीटर असतं. म्हणजे 'फोनॉन' दोन घरं चालतो आणि संपतो. ज्याची लहर एक लांबीसुद्धा पुरी करत नाही तिला लहर म्हणायचं का? हा प्रश्न तुझ्या 77 ते 300 च्या पट्ट्यातला आहे आणि तो अजिबात किरकोळ नाही. आइनस्टाइनने 1911 मध्येच असं चित्र मांडलं होतं की प्रत्येक अणू स्वतंत्रपणे कंप पावतो आणि ऊर्जा शेजाऱ्याकडे अडखळत सरकते. स्फटिकांसाठी ते साफ चुकलं. काचेच्या बाबतीत मात्र त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती काहिल आणि पोल यांनी पुढे वापरली आणि ती मोजमापांच्या जवळ जाते.

आता 10 केल्विन. डिबायचा C सुमारे 1760, κ 0.1. l येतो 40 नॅनोमीटरच्या आसपास. त्या तापमानाला उष्णता नेणाऱ्या मुख्य लहरीची लांबी 4 ते 5 नॅनोमीटर, म्हणजे लहर दहाएक लांब्या चालते. आणि 1 केल्विनला? C 1.76, κ सुमारे 0.02, तर l आठ मायक्रॉनच्या जवळ. लहरीची लांबी 45 नॅनोमीटरच्या आसपास. भागाकार कर: दीडशेहून थोडा जास्त.

हा दीडशे नीट लक्षात ठेव. सिलिका, पॉलिमर, धातूंच्या काचा, काहीही घे, 1 केल्विनच्या खाली मुक्त पथ आणि लहरीची लांबी यांचं गुणोत्तर शंभर-दीडशेच्या आसपासच फिरतं. रसायन बदललं, बंध बदलले, घनता बदलली, पण हा आकडा फारसा हलत नाही. टनेलिंगच्या सिद्धांतात असं का व्हावं याला काही कारण नाही. त्यात गटांची संख्या आणि त्यांचा लहरीशी असलेला जोड हे वेगवेगळे आकडे आहेत. ते दोन्ही प्रत्येक काचेत असे जुळून का यावेत? लेगेट आणि क्लेअर यू यांनी 1988 मध्ये हाच मुद्दा उचलून धरला. प्रश्न अजून मिटलेला नाही.

हे तीनही भागाकार कागदावर स्वतःच्या हाताने कर. मग शोधनिबंध वाच. उलटा क्रम केलास तर शब्द कळतील, पण आकड्यांची भीड चेपणार नाही.

बडोदेकर

बडोद्याहून एक छोटी सूचना. फ्यूज्ड सिलिकाबरोबर (म्हणजे सिलिकाच्या काचेबरोबर) ॲक्रिलिकची एक चकती जरूर मोजा. कुठल्याही साइनबोर्डवाल्याकडे जाड पत्रा मिळतो, कापायला सोपा, आणि तीही एक काचच आहे, पॉलिमरची. वाहकता सुमारे 0.2, सिलिकाच्या सातव्या हिश्श्याएवढी. तरीही थंड केल्यावर वागणूक काचेसारखीच, उतरती. एक स्फटिक आणि दोन अगदी भिन्न काचा असं झालं की प्रबंधात बोलण्यासारखं खूप मिळेल. ॲक्रिलिक थंडीत बरंच आकसतं, चकती पक्की आवळून ठेवू नका, स्प्रिंगने दाबा.

आणि वाचायला काहीतरी मन लागेल असं हवं असेल तर अंबरचा प्रयोग वाचा. अंबर म्हणजे झाडाच्या चिकाचा जीवाश्म, तीही एक काच. काच जितकी जुनी तितकी ती हळूहळू अधिक स्थिर, अधिक खोल ऊर्जेत बसते. माद्रिदच्या गटाने 11 कोटी वर्षांपूर्वीचा स्पेनमधला अंबर घेतला, त्याचा विशिष्ट उष्मा मोजला, मग तोच अंबर तापवून त्याचं वय 'पुसलं' आणि पुन्हा मोजला. अपेक्षा अशी की 11 कोटी वर्षांत ते डगमगणारे गट बरेचसे जागेवर बसले असतील. तसं झालं नाही. टनेलिंगचा हिस्सा आणि बोसॉन पीक दोन्ही जवळपास तसेच राहिले. हे 2014 चं काम.

त्याच वर्षी त्याच मंडळींचं दुसरं काम आलं. इंडोमेथॅसिन नावाचं औषध वाफेतून हळूहळू थंड पृष्ठभागावर साचवलं तर अतिस्थिर काच मिळते. तिच्यात T च्या प्रमाणात जाणारा हिस्सा जवळपास नाहीसाच झाला! दोन्ही काचा खूप स्थिर, एकीत टनेलिंगचे गट शाबूत, दुसरीत गायब. हे दोन निबंध एका बैठकीत शेजारी ठेवून वाचा.

क्यूबिट_वाला

धागा वाचून राहवलं नाही. मी अतिसंवाहक क्यूबिटवर (क्वांटम संगणकाच्या मूळ घटकावर) काम करतो आणि आमची रोजची डोकेदुखी हेच काचेतले गट आहेत. क्यूबिट 10-20 मिलिकेल्विनला चालतात, त्यांची वारंवारता 5 गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऊर्जा पाव केल्विनएवढी. चिपवर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो अस्फटिक असतो. त्यातल्या एखाद्या गटाचं अंतर क्यूबिटशी जुळलं की क्यूबिटची ऊर्जा तो गिळून टाकतो. 2005 मध्ये मार्टिनिस यांच्या गटाने हे नीट दाखवलं. वर सिमरोळ यांनी अल्ट्रासाउंडबद्दल लिहिलंय ना, तेच आम्ही मायक्रोवेव्हने पाहतो: रेझोनेटरमध्ये सिग्नल जितका क्षीण, तितका लॉस जास्त. क्यूबिटला तर एकेका फोटॉनवर काम करायचं असतं, म्हणजे सगळ्यात वाईट स्थितीत.

सांगायचं कारण, तुमच्या सरांनी सहज सांगितलेली गोष्ट आज किती मोलाची आहे ते तुम्हाला कळावं. नोकरीच्या मुलाखतीत हे बोलता येईल.

सिमरोळ

आता सिम्युलेशन. आधी एक इशारा. बरेच जण लॅम्प्स (अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारी संगणक प्रणाली) उघडतात, काचेचा डबा 10 केल्विनला आणतात आणि ग्रीन-कुबो सूत्राने वाहकता काढतात. आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो. क्लासिकल मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये प्रत्येक कंपनाला kT ऊर्जा मिळते. प्रत्यक्षात 10 केल्विनला बहुतेक कंपनं गोठलेली असतात, कारण क्वांटम. सिलिकाचं डिबाय तापमान (ज्याच्या बरंच खाली गेलं की कंपनं गोठू लागतात) 500 केल्विनच्या आसपास आहे, तेव्हा त्याच्या खूप खाली ही पद्धत वापरू नये, हे मी स्पष्ट सांगेन.

त्याऐवजी हार्मोनिक मार्ग घ्या. सिलिकासाठी बीकेएस पोटेन्शियल (अणूंमधल्या बलांचं सूत्र) प्रसिद्ध आहे, 1990 चं. द्रव बनवा, हळू थंड करा, काचेची ऊर्जा किमान करा, डायनॅमिकल मॅट्रिक्स (कोणता अणू कोणाला किती ओढतो याचा तक्ता) काढा आणि तिच्या आयगेनव्हॅल्यू काढा, त्यांतून कंपनांच्या वारंवारता मिळतात. काही हजार अणूंचा डबा विभागातल्या संगणकावर सहज बसतो. मग प्रत्येक कंपनाचा पार्टिसिपेशन रेशो काढा: कंपन सगळ्या अणूंत पसरलंय की मोजक्या अणूंत अडकलंय ते त्यावरून कळतं. ॲलन आणि फेल्डमन यांनी याच कंपनांचे तीन वर्ग केले. कमी वारंवारतेचे प्रोपॅगॉन, लहरीसारखे धावणारे. मधले डिफ्यूझॉन, पसरलेले तर आहेत पण धावत नाहीत, ऊर्जा झिरपत जाते. आणि सर्वांत वरचे लोकॉन, एका जागी अडकलेले. मास्तरांनी काढलेला 0.6 नॅनोमीटर ज्या पट्ट्यातला, तो डिफ्यूझॉनचा. त्यांच्या पद्धतीत क्वांटम मोजणी शेवटी घालता येते, म्हणून 77 ते 300 च्या मोजमापाशी तुलना रास्त ठरते.

मर्यादा एकच, पण मोठी. डब्याची लांबी 4 नॅनोमीटर असेल तर त्याहून लांब लहर त्यात मावतच नाही. म्हणजे पठार आणि त्याखालचं काही तुमच्या डब्यात दिसणार नाही. ते प्रबंधात मोकळेपणाने लिहा.

2019 मध्ये सिमोन्चेली, मार्झारी आणि माउरी यांनी, आणि त्याच वर्षी इसाएवा व बारोनी यांच्या गटाने, स्फटिक आणि काच दोन्हींना एकाच चौकटीत बसवणारी सूत्रं दिली. ती पीएच.डी.साठी राखून ठेवा.

निवृत्त_मास्तर

सिमरोळ, सगळं मान्य. फक्त बोसॉन पीकबद्दल तुम्ही गप्प राहिलात. पोरीने विचारलंय.

सिमरोळ

मुद्दाम गप्प होतो सर, कारण तिथे आमच्या क्षेत्रातच एकमत नाही. थोडक्यात: डिबायच्या हिशोबापेक्षा काचेत 1 टेराहर्ट्झच्या आसपास कंपनं जास्त सापडतात. C/T³ चा आलेख काढला की सिलिकात 10 केल्विनच्या आसपास फुगवटा दिसतो, पठारही तिथेच. रामन आणि न्यूट्रॉनच्या प्रयोगांतही तोच दिसतो. 1984 मध्ये बुखेनाउ यांच्या गटाने न्यूट्रॉनच्या मोजमापांवरून दाखवलं की सिलिकात ही कंपनं म्हणजे SiO₄ च्या चौफलकांचं एकमेकांना धरून डोलणं आहे.

हे जादा कंपन येतं कुठून यावर वाद आहे. शिर्माखर यांचं म्हणणं, काचेची लवचिकता जागोजागी कमीजास्त असते, त्यातून. 2011 मध्ये चुमाकोव यांच्या गटाने मांडलं की हे स्फटिकातल्याच व्हान होव्ह शिखराचं (ज्या वारंवारतेला कंपनांची गर्दी होते त्याचं) काचेतलं, खाली सरकलेलं रूप. तिसरा पक्ष मऊ, म्हणजे कमी वारंवारतेच्या, अर्धवट अडकलेल्या कंपनांचा. त्यांची संख्या वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढते असं 2016 मध्ये लर्नर, ड्यूरिंग आणि बुखबिंडर यांनी सिम्युलेशनमधून दाखवलं. माझा कल तिसऱ्याकडे आहे, कारण तेच मऊ कंपन आणखी मऊ झालं की त्याला दोन खळगे पडतात आणि टनेलिंगचा गट तयार होतो. दोन कोडी एका सूत्रात येतात. कार्पोव, क्लिंगर आणि इग्नातिएव यांनी हे 1983 मध्येच सुचवलं होतं.

निवृत्त_मास्तर

माझा कल शिर्माखर यांच्याकडे. पण ती चर्चा एम.एस्सी.च्या प्रकल्पात आणू नये, या बाबतीत आपलं दोघांचं एकमत आहे असं धरतो.

सिमरोळ

शंभर टक्के.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. गाइडशी बोलले. असं ठरतंय: फ्यूज्ड सिलिका आणि ॲक्रिलिक यांच्या दोन-दोन जाडीच्या चकत्या, शिवाय क्वार्ट्झचा एक स्फटिक, 77 ते 300 केल्विन. मोजलेल्या κ वरून मुक्त पथ. संगणकावर बीकेएस सिलिकाची कंपनं आणि पार्टिसिपेशन रेशो, वेळ उरला तर ॲलन-फेल्डमन. झेलर-पोलचा मूळ निबंध प्रिंट काढून घेतलाय, मास्तरांचे तीन भागाकार करून झाल्यावरच उघडणार आहे.

राहिलेले दोन प्रश्न. आमच्या भांडारात 'क्वार्ट्झ'ची नळी आहे, तिचा तुकडा स्फटिक म्हणून चालेल का? आणि हीलियमपर्यंत जायची काही वाट इंदूरला आहे का, पुढेमागे?

खंडवा_रोड

नळी चालणार नाही. प्रयोगशाळेतली क्वार्ट्झची नळी वितळवून ओढलेली असते, म्हणजे ती सिलिकाची काचच. एकमेकांना आडव्या ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये धरून पाहा. काच असेल तर अंधारच राहील, फार तर ताणामुळे कुठे पुसट उजेड. स्फटिकाचा तुकडा फिरवला की उजेड-अंधार लख्ख बदलतो. (c-अक्ष थेट डोळ्यांकडे असेल तर ही चाचणी तशी चालत नाही, तेव्हा तुकडा तिरपा करूनही बघा.) प्रकाशीय वस्तू पुरवणाऱ्यांकडे स्फटिक क्वार्ट्झ मिळतो. मागवताना कापाची दिशा लिहून मागा, कारण c-अक्षाच्या दिशेची वाहकता आडव्या दिशेच्या दीडपटीहून जास्त असते. दिशा माहीत नसलेला तुकडा घेऊन काही सिद्ध होत नाही. स्फटिकाला पातळ चकती नको, बुटका जाड ठोकळा घ्या, 10 मिमी व्यास आणि 20 मिमी लांबी, आणि दोन थर्मामीटर ठोकळ्याच्याच अंगावर लावा. वाहकता इतकी जास्त की पातळ चकतीत सांध्यांचा अडथळाच नमुन्याएवढा भरेल.

हीलियमचं: देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या खंडवा रोडवरच्या परिसरातच यूजीसी-डीएई कन्सोर्शियमचं केंद्र आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना अशा सोयी वापरता याव्यात याचसाठी ते उभं केलंय, आणि द्रव हीलियमची सोय तिथे आहे. विद्यार्थ्याने थेट जायचं नसतं, गाइडच्या नावाने प्रस्ताव द्यावा लागतो. प्रस्तावात तुमची 77 केल्विनपर्यंतची मोजमापं आणि त्यांतली त्रुटी नीट दाखवली तर बाजू भक्कम होते. एका सत्रात हे जमेल अशी आशा धरू नका, पण प्रस्ताव आत्ताच लिहायला घ्या.

कधी हीलियमपर्यंत पोचलात तर ॲक्रिलिक आणि इपॉक्सी जपून वापरा. खोलीच्या तापमानावरून एकदम थंड केल्यावर त्यांच्यातले ते गट सावकाश खाली बसत राहतात आणि उष्णता सोडत राहतात, मिलिकेल्विनच्या क्रायोस्टॅटमध्ये तर दिवसेंदिवस. नमुन्याचा धारक तांब्याचाच करा.

आणि द्रव नायट्रोजनचा डबा रिक्षात किंवा बंद गाडीत नेऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. वायू साचून आतला ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला ते कळतही नाही. विभागाची उघडी गाडी मागा, झाकण सैल ठेवा, भरताना खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा. पावसाळ्यात मोजमाप करणार असाल तर क्रायोस्टॅट उघडण्याआधी पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर नमुन्यावर दव धरतं आणि ग्रीसचे सगळे थर पुन्हा लावावे लागतात.